हात लावण्याआधी बोल

आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांना मी जरा सटकलेला वाटतो. परवा लाइट गेली म्हणून मीटर रूममध्ये उतरलो आणि सवयीने सुरू झालो, "आता मी डाव्या हाताने पेटीचं दार धरतोय. वरची बिजागरी गंजलीय. दार माझ्याकडे ओढतोय, हळू. आत मीटर, खाली पाल. पाल चांगली मोठी आहे." मागे तिसऱ्या मजल्यावरच्या पाटकरबाई कचऱ्याची पिशवी घेऊन उभ्या होत्या. खोलीत आणखी कोणी आहे का, ते त्यांनी वाकून बघितलं. कोणीच नव्हतं. "सावंत, बरं आहे ना?" एवढं विचारून त्या पिशवी तशीच घेऊन वर गेल्या.

बरं आहे हो, एकदम झकास आहे! ही माझी नोकरीची सवय आहे. मी लष्करात होतो, इंजिनियर पलटणीत. आधी पूल बांधणाऱ्या कंपनीत आणि नंतर, निवृत्त होईपर्यंत, बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकात. हे ऐकलं की विक्रोळीतला कुठलाही माणूस पहिल्यांदा माझी बोटं मोजतो. मोजा, सगळी आहेत. ती शाबूत राहिली त्याचं कारण ही बडबडच आहे, आणि ती मला कोणी शिकवली हे सांगायला हा लेख लिहायला घेतलाय.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बॉम्बवाला म्हणजे एक शूर गडी, घामाने डबडबलेला, हातात पक्कड. तसं काही नसतं. काम दोघांचं असतं. एकजण बॉम्बकडे जातो, एकटाच. त्याला नंबर एक म्हणायचं. दुसरा लांब, भिंतीच्या किंवा मातीच्या ढिगाच्या आड बसतो, तो नंबर दोन. दोघांमध्ये एक तारेचा फोन. नंबर एकने काहीही करण्याआधी ते बोलायचं. आधी बोलायचं, मग हात लावायचा. 'आता मी अमुक करणार आहे' असं तो सांगतो, नंबर दोन तेच परत म्हणतो, आणि मगच बोट हलतं. का? कारण गडबड झालीच, तर शेवटचं वाक्य तरी मागे राहतं. पुढच्या वेळी तसल्याच वस्तूपाशी जाणाऱ्याला कळतं की इथपर्यंत ठीक होतं, यापुढे जायचं नाही. ऐकायला भयंकर आहे, पण रोज केलं की दात घासण्यासारखं होतं.

आणि मी होतो मुका! म्हणजे जीभ होती, वापरायची सवय नव्हती.

त्याचं असं झालं. आम्ही मूळचे कुडाळकडचे. वडील विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्यात प्रेस मशीनवर होते आणि माझं सगळं बालपण त्यांची कायमची रात्रपाळी. चाळीत एकच खोली. सकाळी ते येऊन खाटेवर आडवे झाले की घरात आवाज बंद. मी आणि माझी बहीण खुणांनी बोलायचो. दोन बोटं ओठांना म्हणजे चहा, मूठ म्हणजे भात, कानाला हात म्हणजे 'शाळेची वेळ झाली'. स्टीलच्या ताटांची चळत ओट्यावर ठेवायची ती अशी, की टिंग झालं नाही पाहिजे. शिंक आली तर उशीत. दूधवाल्याने हाक मारण्याआधी आई दारात धावायची. शेजारच्या सुमनकाकींना पहिलं वर्षभर वाटत होतं की या खोलीत दिवसा कोणी राहतच नाही. सुट्टीच्या दिवशी वडील जागे असायचे, पण तोवर आमची सवय इतकी पक्की झालेली की तेव्हाही कोणी फारसं बोलायचं नाही.

अशा घरातून मी पुण्याच्या बाजूला बॉम्बच्या कोर्सला पोहोचलो, आणि काय सांगू, मजा आली! पहिल्याच आठवड्यात हातांची परीक्षा. गोणपाटाच्या पिशवीत हात घालायचा आणि न बघता आत काय आहे ते ओळखायचं. नट, वॉशर, काडेपेटी, घड्याळाची चावी. नंतर पत्र्याच्या पेटीतून स्टीलच्या थाळ्या एकेक करून बाहेर काढायच्या, आवाज न करता. पोरं रडकुंडीला आली. मी? अरे, मी तेच करत मोठा झालो होतो! उस्ताद डोळे मिटून ऐकत बसले होते. शेवटची थाळी फरशीवर टेकली तरी त्यांना वाटलं, मी अजून सुरूच केलं नाही.

उस्ताद म्हणजे आमचे शिक्षक, सुभेदार जगताप, साताऱ्याकडचे. मिशी जाड, आवाज त्याहून जाड. मला ते नावाने कधी हाक मारायचे नाहीत. "ए विक्रोळी, हात हायती का काय रं तुझं!" म्हणाले. मी हवेत!

त्यांच्या शाळेत एक रिवाज होता. सरावाच्या बॉम्बमध्ये दारू नसायची, भोंगा असायचा. चुकलात की तो असा बोंबलायचा की झाडावरचे कावळे उडायचे. ज्याच्या हातून भोंगा वाजला तो मेला. नुसतं म्हणायला नव्हे. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घालायचा, चिंचेखालच्या दगडावर बसवायचं आणि संध्याकाळच्या हजेरीपर्यंत त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. सगळ्यांनी समोर बसून शोकसभा घ्यायची. हा कशाने मेला, काय करायला नको होतं, यावर प्रत्येकाने बोलायचं, आणि मेलेल्याने फक्त ऐकायचं. लोक तुमच्याबद्दल धडधडीत चुकीचं बोलत असतात, तुम्हाला माहीत असतं की मी तार ओढलीच नव्हती, पण तोंड उघडायची सोय नाही. मेलात ना! माझा जोडीदार तांबे, नगरचा, बोलघेवडा माणूस, शोकसभेत हमखास उभा राहायचा. "कैलासवासी पाटलांच्या जाण्याने पलटणीची अपरिमित हानी झाली असली, तरी मेसच्या चपात्यांना थोडा दिलासा मिळाला आहे." कैलासवासी पाटील हारातून दात ओठ खायचे. संध्याकाळी हजेरीनंतर हार निघायचा, डबल साखरेचा चहा मिळायचा आणि माणूस जिवंत व्हायचा.

माझ्या हातून भोंगा एकदाही वाजला नव्हता. तांबे म्हणायचा, "तुझं भाषण पाठ करून ठेवलंय रे, एकदा तरी मर ना!"

शेवटच्या परीक्षेला एका भंगार बसमध्ये पत्र्याची ट्रंक ठेवली होती. मी नंबर एक, तांबे नंबर दोन. ही परीक्षा पास तर पथकात, नापास तर परत पुलाच्या कंपनीत, आयुष्यभर तराफे ओढायला. मी बसमध्ये चढलो आणि माझं डोकं थंडगार झालं. हात आपोआप चालू लागले. फोनवर तांबे विचारत होता, "काय करतोयस? सावंत, बोल ना यार!" मी 'हं' म्हणत होतो. कुलूप, झाकण, आतली तार, स्प्रिंग, सगळं जिथल्या तिथे. भोंगा गप्प! मी बसमधून उडी मारून बाहेर आलो, दोन्ही हात वर. पोरं टाळ्या वाजवत होती.

उस्ताद समोरून आले आणि त्यांनी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला.

"उस्ताद, भोंगा वाजला नाही!" मी ओरडलो. कोर्समधलं माझं ते सगळ्यात मोठं वाक्य असेल.

"नाय वाजला. लई ब्येस काम केलंस," उस्ताद म्हणाले. "आता समज, उद्या अशीच पेटी तांब्याच्या वाट्याला आली. तू आत काय केलंस, कसं केलंस, ह्ये त्याला कोन सांगनार? तुझं हात?"

"मी सांगीन की."

"आन तू मेला असतास तर? बस चिंचेखाली. सोमवारी एकदा परत. तवाबी 'हं हं' केलंस, तर सरळ पुलाच्या कंपनीत जायचं."

चिंचेखाली बसलो. अंगाची लाही लाही होत होती. काम फत्ते करून मेलेला मी शाळेतला पहिलाच! त्या दिवशी तांबेला भाषणही सुचलं नाही. तो नुसता उभा राहिला आणि म्हणाला, "मला काही कळलंच नाही, हा आत काय करत होता." मग खाली बसला. त्या वाक्याने मी जितका खजील झालो तितका उस्तादांच्या बोलण्याने झालो नव्हतो.

शनिवारी सुट्टी घेऊन विक्रोळीला आलो. वडील तोवर निवृत्त झाले होते. प्रेसच्या धडधडीने एका कानाने कमी ऐकू यायचं. दिवसभर त्याच खाटेवर बसायचे, नाहीतर डोळे मिटून पडायचे. ते जागे असोत की झोपलेले, घर अजून तसंच चालायचं. मी आत शिरल्यावर आईने दोन बोटं ओठांना लावून विचारलं, चहा? मी मान हलवली. मग ओट्यापाशी तिच्या कानात कुजबुजलो, की मी नापास होणार बहुतेक.

"काय झाला?" खाटेवरून आवाज आला. वडिलांची बोली अर्धी मालवणी, अर्धी कंपनीतली. "मोठ्यान बोल. माका आयकाक येत नाय."

मी मोठ्याने सांगितलं. हात चांगले आहेत पण तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून नापास. वडील उठले आणि माळ्यावरून जुना बंद पडलेला टेबल फॅन काढून माझ्यापुढे ठेवला.

"हो खोल," म्हणाले. "मी डोळे मिटून पडतंय. तुझे हात माका दिसूक नकोत. पण काय करतंस ता सगळा समजला पायजे."

ते खाटेवर आडवे झाले, डोळे मिटले. वाट लागली माझी! जन्मभर त्या डोळे मिटलेल्या माणसासमोर आवाज न करण्याची शिकवण, आणि आता त्याच खोलीत मोठ्याने बोलायचं. शेवटी कसाबसा म्हणालो, "स्क्रू काढतोय."

"खंयचो?"

"वरचा."

"वरचो म्हणजे? पंखो उभो आसा की आडवो?"

"आडवा."

"मग तसा सांग. कशावर ठेवलंस?"

"स्टुलावर."

"स्टूल डुगडुगता तो. पयलो खाली बघ, पंखो कशावर आसा. माझ्या मशीनवर कितीतरी जणांनी वर बघून काम केला आणि खालून घात झालो."

मी बघितलं. स्टुलाचा एक पाय खरंच आखूड होता. मी पंखा जमिनीवर घेतला, तसं सांगितलं, आणि पुन्हा सुरू केलं. "जाळीच्या डाव्या बाजूची क्लिप काढतोय." "डावी कोणाची, तुझी की पंख्याची?" "पंख्याचं तोंड माझ्याकडे आहे. माझ्या डाव्या हाताची बाजू." "हां! आता दिसला माका!" डोळे गच्च मिटलेले आणि म्हणतात दिसलं! आई पदर तोंडाला लावून हसत होती. माझा आवाज चढत गेला. पातं, पिन, कॉइल, कॉइलवरची जळकी खूण, सगळं सांगत सुटलो. मध्येच सुमनकाकी दारात, "अगो बाई, ह्यांच्या घरात कॉमेंट्री कसली चाललीय?" त्यांच्यामागे अख्खा मजला गोळा झाला. कोणी तरी ओरडलं, "सावंत, विकेट पडली का?" दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी तो पंखा इतक्या वेळा खोलला आणि जोडला की तो बिचारा शेवटी चालू झाला.

सोमवारी भंगार बसमध्ये चढताना पायरीपासूनच बोलायला लागलो. "उजवा पाय पायरीवर. पायरी गंजलेली. समोर ट्रंक. ट्रंक कशावर आहे? सीटच्या लाकडी फळीवर, फळी पक्की." तांबे एकेक वाक्य परत म्हणत होता आणि त्याच्या आवाजातला आनंद तारेतून कळत होता. शेवटी "झाकण पूर्ण उघडलं, पेटी निकामी" म्हटलं तेव्हा बाहेर जो गलका झाला! उस्तादांनी माझ्या छातीवर पथकाचा बिल्ला लावला आणि म्हणाले, "आता गप बस जरा."

यानंतर पुष्कळ ठिकाणी गेलो. त्यातलं एकच सांगतो, कारण ते आपल्या इथलं आहे.

खारदांड्याच्या कोळीवाड्यात एका घराला रंग द्यायला आलेल्या माणसाने मागच्या पडवीत सुकी मासळी खारवायचा ड्रम बघितला. ड्रमच्या झाकणावर वजन म्हणून ठेवलेली लोखंडी वस्तू त्याला ओळखीची वाटली. तोफगोळा! जुना, समुद्रात कधीचा पडून असलेला. फार पूर्वी जाळ्यात आला होता आणि घरच्या म्हातारीला तो चांगला जड वाटला, म्हणून ती इतकी वर्षं त्याने मासळी दाबत होती. पोलिसांनी गल्ली रिकामी केली आणि लष्करी गोळा असल्याने आम्हाला बोलावलं. माझ्या नशिबाने नंबर दोन तांबेच होता.

हौसाबाय म्हणजे ती म्हातारी, तिला समुद्राकडच्या वाळूत नेऊन बसवलं होतं. मला बघून तिने सुरू केलं, "मेल्या, माझं वजन घेऊन चाललास, तर झाकणावर काय तुझं डोकं ठेवू? बदली काहीतरी ठेवून जा!" आजूबाजूच्या गच्च्यांवरून लोक मोबाइल रोखून उभे. पोलीस त्यांना खाली हाकत होते, आणि ते दुसऱ्या गच्चीवर उगवत होते.

घरामागच्या बोळातून मी एकटा आत गेलो. छाती धडधडत होती, खोटं कशाला बोलू. पण त्या धडधडीत एक मजाही असते. नाक, कान, बोटं, सगळं एकदम जागं होतं. "पायरी चढून पडवीत आलो. समोर ड्रम, निळा, प्लास्टिकचा. झाकणावर गोळा, आडवा, टोक माझ्या उजव्या हाताला. गंज भरपूर. सुकटाचा वास."

"वास पण सांगायचा का रे?" तांबे.

"सगळं सांगायचं."

गोळ्याचं टोक शाबूत होतं. तिथेच सगळा धोका असतो. इतकी वर्षं त्याला काही झालं नव्हतं, याचा अर्थ आज होणार नाही असा नाही. तो गडगडून फरशीवर पडता कामा नये, एवढंच आता महत्त्वाचं होतं. त्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या छोट्या पिशव्या लावून तो पक्का करायचा, मग पुढचं. "आता मी उजव्या बाजूने पहिली पिशवी झाकणावर ठेवणार आहे," मी म्हणालो.

"उजव्या बाजूने पहिली पिशवी झाकणावर," तांबेने परत म्हटलं. मी हात पुढे केला आणि थांबलो. झाकणावर वजन टाकणार, पण ड्रम कशावर आहे? ते मी सांगितलंच नव्हतं. "थांब. आधी खाली बघतो," म्हणालो आणि गुडघ्यांवर बसलो.

ड्रम विटांवर होता. खाऱ्या पाण्याने उजवीकडच्या पुढच्या विटेचा पार भुगा झाला होता, नुसतं वरचं टरफल राहिलं होतं. झाकणावर पिशवी पडली असती तर ड्रम त्या बाजूला कलंडला असता आणि गोळा टोकावरच खाली आला असता. माझ्या तोंडून शब्द फुटेना. लहानपणीसारखा मुका झालो.

"सावंत! बोल ना यार!"

"बोलतोय," मी म्हणालो. "उजवी पुढची वीट गेलीय. आधी ड्रमखाली पिशव्या भरतो. एकेक सांगतो."

एकेक सांगितली, एकेक ठेवली. ड्रम पक्का, मग झाकण पक्कं, मग गोळा. शेवटी तो वाळूच्या पेटीत बाळासारखा निजवला आणि दूर मोकळ्या जागेवर नेऊन उडवला. जाण्याआधी तांबेने एक चांगला दगड शोधला आणि हौसाबायच्या झाकणावर ठेवला. तिने तो हलवून बघितला आणि म्हणाली, "हलका आहे."

त्या दुपारी मी थोड्या वेळासाठी विक्रोळीला घरी गेलो. अंगाला सुकटाचा वास येत होता आणि सांगायची अशी घाई झाली होती की जिने दोन-दोन करत चढलो. आईने दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. वडील खाटेवर पडले होते, डोळे मिटून.

"जागो आसंय," वडील म्हणाले. "सांग."

मी खाटेच्या कडेला बसलो आणि पायरीपासून सगळं सांगितलं, मोठ्याने. विटेपाशी आलो तेव्हा त्यांनी डोळे न उघडता माझं मनगट धरलं आणि गोळा पेटीत जाईपर्यंत सोडलं नाही. संपल्यावर म्हणाले, "माका दिवसाची झोप कधी लागलीच नाय रे."

मला कळेना. "म्हणजे?"

"त्या सगळ्या वर्सांत. प्रेसची धडधड कानात, झोप खंयची लागतली? नुसतो डोळे मिटून पडलेलो असायचो. आयकत. म्हटला, पोरां काय तरी बोलतली, शाळेतला, काय तरी. तुम्ही कोण बोलूकच नाय. माका वाटायचा, पोरांका माझ्याशी बोलूचाच नाय."

बाबा गेले त्याला आता काही वर्षं झाली, पण हे वाक्य अजून माझ्या कानात आहे. ज्याच्या झोपेसाठी आम्ही शिंका गिळल्या, तो माणूस जागा पडून आमच्या आवाजाची वाट बघत होता, आणि त्यानेही कधी सांगितलं नाही.

ओट्यापाशी आई पाठमोरी उभी होती. तिच्या हातात चहाचं पातेलं होतं. तिने ते शेगडीवर ठेवलं नाही, आदळलं. खण्णकन आवाज झाला. मग झाकण आदळलं, मग सांडशी. त्या खोलीत असला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"आता कसा घर वाटता," बाबा म्हणाले. त्यांनी डोळे पुन्हा मिटले. "चाय होयपर्यंत परत सांग. पायरीपासून."